रस्त्यावरून दिसतं तेवढं

नात्यात डॉक्टर असला की लोक लग्नाच्या पंगतीत जीभ बाहेर काढून दाखवतात. वकील असला की पिशवीतून सातबारा निघतो. कॉम्प्युटरवाला असला की मात्र त्याच्यापुढे काय ठेवावं याला धरबंध राहत नाही. बिघडलेला प्रिंटर, विसरलेला पासवर्ड, पीक विम्याचा अर्ज, मुलीचा बायोडाटा, वारलेल्या आजोबांच्या फोटोत टोपी काढून फेटा बसवणं, हे सगळं मी आजवर निमूटपणे केलं. पण गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या माझ्या थोरल्या मामांनी माझ्यापुढे ठेवलं ते अख्खं घर होतं. तेही अजून न बांधलेलं.

"जालन्यातला एलिव्हेशनवाला पैसे मागतो," मामा म्हणाले. "नुसत्या चित्राचे! ना वीट, ना सिमेंट. घरात तू असताना त्याला काहून द्यायचे?"

मी कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर त्रिकोण काढतो, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मला परत करतात. त्या त्रिकोणांचा कुणाला उपयोग होईल, ही शंका दोन्ही बाजूंना कधी आली नव्हती. एका विद्यार्थ्याने हळूच सांगितलंही, "सर, ब्लेंडर फुकट मिळतं. एका दुपारचं काम आहे." पण विद्यार्थ्याला जे एका दुपारी जमतं ते सरांनी एका दुपारी केलं तर सर कसले? मी जाहीर केलं की तयार सॉफ्टवेअरला हात लावणार नाही, अख्खा प्रोग्राम स्वतः लिहीन. मामांना यातलं काही कळलं नाही, पण उशीर होणार एवढं बरोब्बर कळलं.

'जालना सोने का पालना' अशी आमच्याकडे जुनी म्हण आहे. पाळण्यात आता सोन्याऐवजी सळई, बियाणं आणि मोसंबी असते. मामांकडे मोसंबीची बाग आहे, बियाण्याचे प्लॉट आहेत, आणि सळई घराच्या गच्चीवर वाट बघत उभी राहणार होती. त्यांची मागणी साधी होती. खाली दगडी टाईल्स, वर पिस्ता रंग, दारावर 'मातृछाया', आणि गच्चीवर पाण्याची टाकी मोसंबीच्या आकाराची. पंजाबात लोक गच्चीवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या टाक्या बांधतात, हे त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. "त्यांचं विमान चालतं तर आपली मोसंबी काहून नाही? जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन हाय. त्यांच्या विमानाला हाय का?"

कॉम्प्युटरमधलं घर आतून पोकळ असतं. भिंत म्हणजे दोन त्रिकोण, बस. त्यात वीट नाही, गिलावा नाही, चमचाभर वाळू नाही. वरून चढवायचा तो भिंतीच्या फोटोचा पापुद्रा. पडद्यावरच्या एकेका ठिपक्यासाठी प्रोग्रामने हिशेब करायचा की भिंतीवरची ही जागा फोटोत कुठे येते, तिथला रंग उचलायचा आणि इथे आणून ठेवायचा. याला टेक्श्चर मॅपिंग म्हणतात. ही युक्ती एडविन कॅटमुल नावाच्या विद्यार्थ्याने 1974 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पीएचडीच्या प्रबंधात मांडली. पुढे तो पिक्सार उभारणाऱ्यांपैकी एक झाला आणि 2019चं ट्युरिंग पारितोषिक पॅट हॅनरहान यांच्यासोबत त्याला मिळालं. हे सगळं मी मामांना भक्तिभावाने सांगितलं.

"म्हणजे आतून पोकळ, वरून टाईल्स," मामा म्हणाले. "यात त्यानं शोध काय लावला? गावात चल, दहा घरं दाखवतो."

तर टाईल्सचा फोटो हवा होता. संध्याकाळी फिरायला गेलो असताना एका बंगल्याच्या कंपाउंडला हव्या तशा दगडी टाईल्स दिसल्या. मोबाईल काढला तोच वॉचमन उठला. "काय पाहिजे?" "भिंतीचा फोटो." शहाण्यासुरत्या माणसाला भिंतीचा फोटो लागतो, यावर त्याचा विश्वास बसेना. बंगल्याचा घ्या, गाडीचा घ्या, निदान कुत्र्याचा तरी घ्या, असं त्याने सुचवून बघितलं. शेवटी भिंतीशेजारी तोच उभा राहिला, छाती पुढे काढून. त्याला फोटोबाहेर ठेवण्याच्या गडबडीत कडेला काय आलं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

कडेला पाल होती. तीही अर्धी. डोकं आणि पुढचे दोन पाय फोटोत, बाकीचा ऐवज बाहेर.

आता हातभर भिंतीचा फोटो अख्ख्या घराला पुरवायचा म्हणजे तोच तो पुन्हापुन्हा लावावा लागतो. मी लावला. लॅपटॉप मामांच्या ओसरीत ठेवला, घरची सगळी मंडळी मागे जमली, आणि पडद्यावर घर उमटलं.

"अगं बाई," मामी म्हणाल्या, "केवढ्या पाली!"

पाली ओळीने होत्या. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर, सगळ्यांची तोंडं डावीकडे, सगळ्यांचा एकच पाय उचललेला. सव्वीस जानेवारीच्या संचलनात एवढी शिस्त दिसत नाही. शेपूट एकीलाही नव्हतं. आजीने चष्मा पुसून नीट बघितलं. "पाल भ्याली की शेपूट टाकून पळते," ती म्हणाली. "इतक्याजणींना कुणी भ्यावलं रे?"

त्यात फोटोच्या कडाही एकमेकींना जुळत नव्हत्या, जागोजागी उभी रेघ दिसत होती. यावरचा उपाय मी वर्गात दरवर्षी शिकवतो. एक फोटो सुलट लावायचा, पुढचा आरशातल्यासारखा उलट, त्यापुढचा पुन्हा सुलट. कडा मग आपोआप जुळतात. उपाय केला. कडा तंतोतंत जुळल्या. पालीही तंतोतंत जुळल्या. आता एकेक पाल म्हणजे दोन्हीकडे डोकं, चार पाय, मधे अखंड पाठ, आणि शेपटाला जागाच नाही.

मामींनी पदर तोंडाला लावला. "वास्तुशांतीनं भागायचं नाही हो," त्या मामांना म्हणाल्या. "त्र्यंबकेश्वरला जावं लागंल."

'मातृछाया'चं प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं. चित्राची फाईल वरून खाली वाचली जाते आणि गणितातला य अक्ष खालून वर जातो, एवढ्या किरकोळ मतभेदापायी दारावरची पाटी उलटी लागली. इंग्रजी अक्षरं उलटी झाली तर नुसती वेडीवाकडी दिसतात. देवनागरी उलटी झाली की शिरोरेघ खाली जाते आणि सगळी अक्षरं पाय वर करून तिच्यावर शीर्षासन करतात. मामांच्या नातवाने स्वतः खाली डोकं वर पाय करून पाटी आरशात वाचून दाखवली. "बरोबर लिहिलंय की," तो म्हणाला.

चित्रातल्या ओसरीच्या फरशीवर मात्र घर बांधणारे मिस्त्री रागावले. चौकोनी फरश्यांचं चित्र दोन त्रिकोणांवर चढवलं होतं, आणि त्रिकोण जिथे भेटतात त्या तिरप्या रेषेवर सगळ्या फरश्या मोडल्यासारख्या वाकत होत्या. कारण असं की लांबची फरशी लहान दिसली पाहिजे, आणि त्यासाठी ठिपक्याठिपक्याला भागाकार करावा लागतो. माझा लॅपटॉप जुना, भागाकाराचा त्याला कंटाळा, म्हणून तो मी टाळला होता. असा भागाकार मोठमोठ्यांनी टाळलाय. 1994च्या पहिल्या प्लेस्टेशनवर याच कारणाने भिंती आणि रस्ते लपलप हलायचे. 1996च्या 'क्वेक' खेळात दर सोळा ठिपक्यांनंतर एकदा खरा भागाकार करत आणि मधले पंधरा अंदाजपंचे भरून काढत. मी हे मिस्त्रींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, आम्ही असं काम केलं तर लोक पैसे कापतात," ते म्हणाले. "तुमच्यात त्याचा खेळ करून विकतात व्हय?"

मी भागाकार घातला. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरू लागला, पण फरशी सरळ झाली.

मग भिंतींची पाळी. समोरून टाईल्स झाल्या, आता डावी बाजू.

"तिकडून रस्ता हाय का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मंग टाईल्स नको."

"रंग?"

"रस्त्यावरून दिसतं का?"

"नाही."

"मंग गिलावासुद्धा नको. वीट चांगली हाय आपली."

जालन्याहून अंबडला निघालात की ही घरं दुतर्फा दिसतात. समोरून ग्रॅनाइटचे खांब, सोनेरी ग्रिल, दोन सिंह. एसटी जरा पुढे गेली आणि मान वळवली की तेच घर बाजूने बघावं. उघड्या विटा, मोरीचा पाईप, आणि खिडकीच्या जागी मारलेला पत्रा. मला आधी हे बघून हसू यायचं. आता येत नाही, कारण कॉम्प्युटर अगदी हेच करतो. ज्या त्रिकोणाची पाठ बघणाऱ्याकडे आहे तो काढायचाच नाही, रंगवायचा तर नाहीच नाही. त्याने निम्मं काम वाचतं. ग्राफिक्समध्ये यावर पुस्तकांतून प्रकरणं आहेत, मराठवाड्यात घरं आहेत.

मामांना मी या धंद्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध वस्तूची गोष्ट सांगितली. 1975च्या सुमारास त्याच युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाचे संशोधक नमुन्याला घ्यायला एखादी वस्तू शोधत होते. चहाच्या वेळी बायकोने सुचवलं की ही समोरची किटलीच घ्या. त्यांनी घेतली. जगभरच्या ग्राफिक्सवाल्यांनी तिच्यावर आपापले रंग, चमक आणि फोटो चढवून बघितले. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. पण न्यूवेल यांनी काढलेल्या त्या मूळ किटलीला बूडच नव्हतं. ते पुढे दुसऱ्यांनी बसवलं.

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "किटली उलटी करून कोण बघतं? माणूस आपल्याकडचा वाटतो."

उजव्या भिंतीला मात्र खरा प्रसंग ओढवला. थोरल्या आणि धाकट्या मामांची घरं एकाच जोत्यावर होणार होती, मधली भिंत सामाईक. गच्चीच्या वरचा तिचा तुकडा दोघांनाही दिसणार आणि रस्त्यावरूनही दिसणार. थोरल्यांनी मला मापं दिली तेव्हा ती भिंत आपल्यात धरली. धाकट्यांनी 'माझंही करून टाक' म्हणून मापं पाठवली, त्यांत तीच भिंत त्यांनी आपल्यात धरली. थोरल्यांचा पिस्ता, धाकट्यांचा गुलाबी. मी दोघांचीही मापं जशीच्या तशी प्रोग्रामात भरली, कारण भाच्याने मामांच्या मापात हात घालू नये.

कॅटमुलच्या त्याच प्रबंधात आणखी एक युक्ती आहे. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी कोणता पृष्ठभाग बघणाऱ्याच्या जास्त जवळ आहे त्याचा आकडा ठेवायचा, आणि जो जवळचा तोच रंगवायचा. युक्ती उत्तम आहे. पण दोन पृष्ठभाग एकाच जागेवर हक्क सांगायला लागले की आकडे बरोबरीत येतात, आणि मग दशांशाच्या कुठल्यातरी लांबच्या घरात कोण किती घासला गेला यावर एका ठिपक्याला हा जिंकतो, शेजारच्या ठिपक्याला तो. त्या भिंतीवर पिस्ता आणि गुलाबी पट्टे उमटले. मी घर जरा फिरवलं की पट्टे झरझर जागा बदलत. ग्राफिक्सवाले याला झेड-फायटिंग म्हणतात. आमच्याकडे याला दावा म्हणतात.

"थांब थांब, जरा डावीकडं घे," थोरले म्हणाले. पिस्ता वाढला.

"आता उजवीकडं घे की," धाकटे म्हणाले. गुलाबी वाढला.

दोघं तोंडाने काही बोलत नव्हते, पण प्रत्येकजण आपला रंग वाढतो त्या कोपऱ्याकडे खुर्ची सरकवत होता. शेवटी बाजू धरणारी मंडळीही वाटली गेली आणि ओसरी मधोमध रिकामी झाली. मी म्हणालो, यावर सोपा उपाय आहे. एकाची भिंत केसभर पुढे घ्यायची, डोळ्यांना कळतही नाही, पट्टे लगेच बंद होतात.

"कुणाची?" दोघांनी एकदम विचारलं.

"कुणाचीही. केसभर तर आहे. मोजताही येणार नाही."

"मोजता येणार नाही म्हणूनच तर," धाकटे म्हणाले. "मोजता येईल तेवढी आम्ही मागच्या मोजणीत सोडलीय."

त्या दिवशी चहा झाला नाही. आठवडाभराने थोरल्यांचा फोन आला, भिंत पांढरी कर. दोघांपैकी कुणाचाच रंग नको, म्हणजे दोघांचंही समाधान. भाऊबंदकीत यालाच तडजोड म्हणतात.

गच्चीवरच्या सळयांवर फार वेळ गेला नाही. त्या मी चित्रातून काढून टाकल्या होत्या. मामांनी पुन्हा लावायला लावल्या, कारण त्यांच्यावर धाकट्या पोराचा मजला चढायचा होता. पोरगा तेव्हा सातवीत होता. सळईवरचे कंगोरे त्रिकोणांनी काढत बसलो असतो तर लॅपटॉपने मान टाकली असती. त्याऐवजी जिम ब्लिन यांनी 1978 साली दिलेली पद्धत वापरली. आकार गुळगुळीतच ठेवायचा, फक्त उजेडाशी खोटं बोलायचं की इथे उंचवटा आहे, तिथे खाच आहे. उजेड भोळा, तो तशी सावली पाडतो. मामांनी डोळे बारीक करून बघितलं. सळईच्या जिल्ह्यातला माणूस. "कंगोरे जमलेत," ते म्हणाले. "पण कंपनीचं नाव कुठंय? बिननावाची सळई मी घेणार नाही."

आता राहिली मोसंबी.

मोसंबीचा पापुद्रा हवा तर मोसंबीचीच साल काढावी, असा माझा सरळ विचार होता. पण संत्र्याची साल हाताने सुटते तशी मोसंबीची सुटत नाही, ती गराला घट्ट धरून असते. मामींनी सुरीने सोलून बघितली, मामेबहिणीने बघितली, सातवीतल्या पोराने दातांनी प्रयत्न केला. अखंड साल काही निघेना. प्रत्येक फसलेल्या मोसंबीचा रस काढून माणशी पेला दिला जाई. पुढे पुढे माणसं पेला बघितला की मागच्या दाराने शेतात जायला लागली. अखेर देठापासून बुडापर्यंत गोल गोल फिरत एक लांबलचक पट्टी निघाली. तीही सपाट ठेवली की कडांनी उचलायची, दाबली की फाटायची. ती काही मोसंबीची खोड नव्हे. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गाउस यांनी 1827 सालीच सिद्ध करून ठेवलंय. म्हणूनच मर्केटरच्या 1569च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. खरी आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. पृथ्वी सोलताना जे जमलं नाही ते अंबड तालुक्यात जमावं, असा हट्ट मीही धरला नाही. तुकडे घेऊन जालन्याला आलो आणि गांधी चमनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"हे स्कॅन करायचंय."

दुकानदाराने सालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ओरिजिनल आणलंय का?"

"हेच ओरिजिनल आहे."

"काच चिकट होईल, सर. वर प्लॅस्टिकचा कागद टाकतो." त्याने साल ठेवली, झाकण दाबलं, आणि दिवसभर आधार कार्डं काढणाऱ्याच्या सवयीने विचारलं, "दोन्ही बाजू?"

त्या सालीची मोसंबी पडद्यावर चढली, आणि मामांचा चेहरा एकदम व्यापाऱ्याचा झाला. "मंगू आलाय," ते म्हणाले. कोळी पडला की सालीवर तांबूस डाग येतात, त्याला बागायतदार मंगू म्हणतात, आणि बाजारात व्यापारी त्या डागाला बोट लावून भाव पाडतो. चांगला माल बाजार समितीत जातो आणि घरात खायला मंगूचाच राहतो, त्यामुळे मामींनी मला जो दिला त्यात डाग असणारच होते. मी माऊसने डाग पुसले. मामा उठून उभे राहिले. "एका बोटानं मंगू गेला? अरे, बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राला कळव, आम्ही फवारण्या करून करून मेलो!"

डाग गेल्यावर ती प्लास्टिकची दिसायला लागली. हाही जुनाच आजार. 'ट्रॉन' या 1982च्या सिनेमावर काम केलेले केन पर्लिन कॉम्प्युटरच्या असल्या गुळगुळीतपणाला वैतागले होते. त्यांनी हिशेबातून खडबडीतपणा तयार करण्याचं सूत्र काढलं, 1985 साली छापलं, आणि त्यासाठी ऑस्करवाल्यांनी 1997 साली त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला. मी ते सूत्र घातलं. साल जिवंत झाली. फक्त देठापाशी सगळा खडबडीतपणा चुण्या पडून एका बिंदूत गोळा झाला, कारण आयताकृती चित्राची अख्खी वरची कड गोलावर चढवताना एकाच बिंदूत कोंबावी लागते.

"ही मोसंबी हाय का आईचा बटवा?" मामा म्हणाले.

मागच्या बाजूला तर त्याहून नवल होतं. चित्र गोलाभोवती गुंडाळत आणलं की शेवटची कड पहिल्या कडेला येऊन मिळते. त्या सांध्यावरच्या बिंदूला मी आधीच सांगून ठेवलं होतं की तू सुरुवात आहेस. तेव्हा त्याच्या अलीकडच्या पट्टीला वाटलं की शेवटापासून थेट सुरुवातीपर्यंत मागे जायचंय, आणि तिने अख्ख्या मोसंबीचं चित्र उलटं करून त्या बोटभर जागेत दाबून बसवलं. त्याच जागी दोन बिंदू ठेवायचे, एकाला सुरुवात म्हणायचं आणि दुसऱ्याला शेवट, हा त्यावरचा इलाज. मी तो करायला बसलो.

"कशाला?" मामा म्हणाले. "ती बाजू शेताकडं फिरव."

भूमिपूजनाला त्या घराचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर वर आमदार, खाली मामांचे दोन्ही व्याही, कडेने चौतीस शुभेच्छुक, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं घर. मिस्त्रींनी माझं मोठं छापलेलं चित्र एकदा बघितलं, घडी घातली आणि ओल धरू नये म्हणून सिमेंटच्या पोत्याखाली ठेवलं. मग त्यांना जसं बांधता येतं तसं घर बांधलं. ते चित्रासारखंच झालं.

टाकीचा गोल आठ फुटांचा. रंगवायला अंबडहून पेंटर आला. त्याने सूत्रबित्र काही न लावता ओल्या सिमेंटवर खराटा आपटून आपटून मोसंबीची साल उठवली, वर पिवळा मारला, जागोजागी स्पंजने हिरवा. मी खाली उभा राहून जीएसटीच्या नोटिशीकडे बघतात तसा बघत होतो. संध्याकाळी त्याने हिशेब सांगितला. "घेर पंचवीस, उंची आठ. दोनशे फूट."

"वरच्या टोकाला पंचवीस फूट घेर हाय का?" मामा उसळले. "तिथं तळहाताएवढं हाय. निमुळतं होत जातं ते वजा कर." आणि माझ्याकडे वळले. "तू सांग रे. तू शिकलेला हायेस."

पेंटर गोलाचं नव्हे, पिंपाचं माप सांगतोय, असं मीही मनात म्हणालो आणि ऐटीत मोबाईल काढला. त्रिज्या चार, तिचा वर्ग सोळा, गुणिले चार, गुणिले पाय. दोनशे एक. गोल आणि त्याला नेमकं वेढणारं पिंप यांच्या बाजूचं क्षेत्रफळ एकच भरतं. हा शोध आर्किमिडीजचा, बावीसशे वर्षांहून जुना, आणि तो त्याला इतका प्रिय होता की आपल्या थडग्यावर गोल आणि पिंपच कोरायला सांगितलं होतं. पेंटरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचे वडील देवळांचे कळस आणि दर्ग्याचे घुमट रंगवत, तेही असंच मोजत.

"बरोबर आहे त्याचं," मी म्हणालो. "उलट एक फूट तुमचाच फायदा झालाय."

मामा गप्प बसले. मग टाकीच्या बुडाकडे बघायला लागले. "ती खाली एक फूट रिंगमधे बसलीय. तिथं रंग लावलाय का?"

"तिथं कुणाला दिसतंय, दादा?" पेंटर म्हणाला.

"दिसत नाही ना? मंग पैसे कशाचे? किती वजा होतात रे?"

आर्किमिडीजचंच पुढचं गणित असं आहे की गोलाचा आडवा काप कुठूनही काढा, टोकाचा असो की पोटाचा, एक फूट जाडीला क्षेत्रफळ तेवढंच. "पंचवीस," मी म्हणालो.

पेंटरने माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही नेमके कुणाचे?"

पण तो कच्चा नव्हता. "बूड सोडलं. देठ आणि दोन पानं वेगळी," तो म्हणाला. "पत्र्याची पानं हायेत. दोन्ही बाजूंनी रंगवलीत."

"पानाची मागची बाजू रस्त्यावरून दिसते का?"

"वारा आला की दिसते."

मामांनी वर बघितलं, पानांकडे, मग आभाळाकडे. "बरं," ते म्हणाले. "मंग तेवढे पैसे वारा सुटला की येऊन घेऊन जा."